आईला कोणी आत बोलावलं नाही

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं म्हणणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. माझ्या नातवाला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा गावाकडून आलेल्या एकूण एक नातलगाने माझ्या घरात बसून, माझाच चहा पीत हे वाक्य मला ऐकवलं. पोराचं लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, मनात आलं की उठून चालायला लागतो, याला म्हणे हल्ली नाव द्यायचं फॅड निघालंय. आमच्या वेळी दोन फटके दिले की पोरं सरळ यायची. हे सांगणारे एक गृहस्थ बोलता बोलता तीनदा उठून गॅलरीत जाऊन आले आणि चष्मा तिथेच विसरले. त्यांना किती फटके कमी पडले होते कोण जाणे.

आमच्या वेळी सगळं होतं. माझ्याच घरात होतं, माझ्याहून चार वर्षांनी लहान होतं आणि माझ्या हाताला धरून शाळेत येत होतं. निदान करणारेही काही कमी नव्हते. सबंध गाव निदानच करत होतं. इतकी अडाणी आणि स्वतःवर इतकी खूश असलेली माणसं मी पुढे आयुष्यात फारशी पाहिली नाहीत. त्यांच्यात मीही होते, तेव्हा कोणालाच झुकतं माप द्यायचं मला कारण नाही.

आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता आणि गोव्यात अजून पोर्तुगीज होते. बाबा मुंबईत एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. वर्षातून दोनदा घरी यायचे, मे महिन्यात पंधरा दिवस आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, दहा. उरलेलं वर्षभर घरात आई, मी आणि माझा भाऊ एवढेच.

भावाला खोबरेल आणायला पाठवलं की तो अर्ध्या तासाने ओंजळीत कुर्ली, म्हणजे खेकडा, घेऊन यायचा. बाटली कुठाय म्हणून विचारलं की तोंडावर हात मारून घ्यायचा, कारण त्याला खरोखर आठवत नसे. जेवताना दोन घास खाऊन उठायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. एका वर्षात त्याने पाच पाट्या फोडल्या. बाबांनी मुंबईहून पत्र्याची पाटी आणली, फुटू नये म्हणून, तर ती त्याने आठ दिवसांत हरवली. कोणी काही विचारलं की प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर द्यायचा, आणि निम्म्या वेळा ते बरोबर असायचं, याचाच लोकांना जास्त राग यायचा. रडायचाही मनापासून. पाटी हरवली म्हणून मार बसला तेव्हा तो मारापेक्षा पाटीसाठी रडला होता.

आई दुसरीपर्यंत शिकलेली होती. तिने या मुलाचं जे केलं ते पुढे मोठमोठ्या दवाखान्यांत पैसे मोजून ऐकायला मिळालं. तिच्या लक्षात आलं की हाताला काम असलं की याचं डोकं जागेवर राहतं. तेव्हा पाढे शिकवायचे ते विहिरीवर. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. त्याने एक बादली ओढायची आणि एक ओळ म्हणायची. बे एके बे, बादली वर. बे दुणे चार, दुसरी बादली वर. मिरचीचे वाफे भिजेपर्यंत दोन पाढे व्हायचे. अशा रीतीने तिने त्याला विसापर्यंत नेला. कोणी तिला हे शिकवलं नव्हतं, आणि तिने ते कोणाला सांगितलंही नाही, कारण तिला विचारणारं कोणी नव्हतं.

शाळेत मास्तर एकच. एका लांब खोलीत सगळे वर्ग, जमीन शेणाने सारवलेली, मास्तरांची खुर्ची भिंतीला टेकलेली. हे गृहस्थ मालवण शहरातले, आणि आपल्यासारख्या विद्वानाला या खेड्यात टाकलं याचा सूड ते रोज अकरा ते पाच आमच्यावर उगवत. शिकवणं म्हणजे मुलांना मांडी घालून गप्प बसवणं, अशी त्यांची समजूत होती. जो हलत नाही तो हुशार. या हिशेबाने वर्गात सगळ्यात हुशार आमच्या शाळेचा खांब होता. माझा भाऊ पाढे उभा राहून, हात हलवत म्हणायचा. बसून म्हण म्हटलं की सातव्या ओळीला अडकायचा. मास्तर म्हणत, "पाठ नाहीये, नुसती नक्कल करतोय." नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. यांना शिकवता येईना आणि पोराचं डोकं वाकडं.

त्यांचं निदान एका शब्दाचं होतं, 'खुळा'. ते त्यांनी वर्गात सगळ्यांदेखत केलं आणि मग शाळेच्या वाटेवर पोरं मला 'खुळ्याची बहीण' म्हणायला लागली. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. मला या शब्दाची भयंकर लाज वाटायची. भावाची वाटायची नाही, शब्दाची वाटायची, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. भावाचीही वाटायची.

खुळा म्हटल्यावर गावाला काम मिळालं. दृष्ट काढून झाली, मीठमिरच्या जाळून झाल्या. मग शेजारपाजारच्यांनी आईच्या मागे लागून देवळात कौल लावायचं ठरवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. गावचा मानकरी देवाला प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीच्या भांडणापासून लग्नापर्यंत आमच्या गावाची सगळी अक्कल त्या पाकळ्यांवर चालायची.

आईला विचारायचं होतं की पोर आजारी आहे की काय, आणि आजारी असेल तर दाखवायचं कोणाकडे. तिने ते मानकऱ्याला देवळाच्या पायरीवर नीट समजावून सांगितलं होतं. पण देवासमोर बायकांनी बोलायचं नसतं. मानकरी उभा राहिला, उपरणं सारखं केलं आणि त्याच्या मनाला येईल तो प्रश्न घातला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या आंगात भायरचा काय शिरला आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे ओरडले.

पाकळी पडायला तास लागला. आणि त्या तासात एक गोष्ट घडली जी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. माझा भाऊ हलला नाही. मांडी घालून, मान पुढे काढून तो त्या पाकळ्यांकडे एकटक बघत होता. मध्येच नजर न काढता मला हळूच म्हणाला, "डावी पडतली. ती कमी भिजली हा, आदी सुकतली." आणि डावीच पडली. आठ वर्षांच्या पोराने जे ओळखलं ते त्या गाभाऱ्यातल्या एकाही मिशीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळलं नव्हतं.

म्हणजे बाहेरचं काही नव्हतं. खांबाआडून आई हळूच म्हणाली, "मगे काय आसा, तां इचारा."

"देवाक दोनदा इचारूचा नसता," मानकरी म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं.

तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष भावाकडे गेलं. "बगा, कसो गप बसलो हा!" मग सगळ्यांनीच बघितलं. एक तास बसला. बरोब्बर एक तास. "म्हणजे बसाक येता तर! मगे शाळेत कशाक बसना नाय? माज, दुसरा काय!" झालं. देवाने जे सांगितलं नव्हतं ते गावाने सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या गोष्टीत पोराचा जीव अडकतो तिथे तो बसतो आणि बाकी ठिकाणी त्याला बसता येत नाही, हाच तर त्याचा आजार होता. आणि ती खूण डोळ्यांसमोर तासभर ठेवली असताना त्या दीडशहाण्यांनी तिचाच उलटा पुरावा केला.

त्या साली परीक्षेच्या आधी दिपोटी, म्हणजे शाळातपासनीस, आले. मास्तरांनी आठ दिवस आधीपासून आम्हाला हलायची बंदी केली होती. दिपोटींनी तिसरीला गणित घातलं, ते पुरं व्हायच्या आत माझ्या भावाने उत्तर ओरडून सांगितलं. दिपोटी हसले, शाबास म्हणाले. तेवढ्यात खाडीतून बोटीचा भोंगा वाजला आणि शाबासकी घेतलेला विद्यार्थी खिडकीतून उडी मारून पसार झाला. दिपोटी आणखी हसले. मास्तरांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

निकालाच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीजवळ बोलावलं. "वडील मे महिन्यात येतील ना? त्यांना सांग, या मुलाच्या डोक्यात बिघाड नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा. नाहीतर जूनमध्ये मी याचं नाव ठेवणार नाही." असं करायचा त्यांना अधिकार होता की नाही, हे विचारायची अक्कल आमच्या घरात कोणाला नव्हती. मास्तर म्हणाले म्हणजे सरकार म्हणालं. भावाला शाळा आवडायची, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. त्याला नकाशा आवडायचा, घंटा वाजवायला आवडायचं, गोष्टीचा तास आवडायचा. "माझा नाव काडतले?" असं तो मला त्या दिवसांत रोज विचारायचा.

बाबा आले. मुंबईचा माणूस आला की आमच्या घराचा तोल बदलायचा. आई डोक्यावर पदर घेऊन मागच्या दाराने वावरायला लागायची. भाऊ सकाळी उठून जो खाडीवर पळायचा तो जेवणापुरता यायचा, आणि बाबांसमोर जी पाच मिनिटं बसायचा ती श्वास धरून बसायचा. पंधरा दिवस असे पाहून बाबांचं मत झालेलं होतं की पोर चांगलं वळणात आहे, आई उगीच बाऊ करते. चाकरमान्यांची ही एक जात मी नीट ओळखते. घर चालवणारी बाई, घर सांगणारा पुरुष. मुलाचा दात पडलेला ज्याला चवथीला कळतो, तो त्या मुलाबद्दल जगाला माहिती देणार.

मालवणला जायचं ठरलं तसं आईने आपलं बोलणं तयार केलं. एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालताना तिने ते मला बोटांवर मोजून म्हणून दाखवलं. "चालाक लागलो तेवापासून असोच आसा. नववो म्हयनो होतो तेका. पावसात घरात कोंडलो की जास्ती. उपाशी आसलो की जास्ती. हाताक काम आसला की कमी. निजता बरो. ऐकाक येता, बगाक येता. मुद्दाम करणा नाय." चार चार वेळा म्हटलं. डॉक्टरसमोर मालवणी बोललेलं चालेल ना, असंही तिने मला विचारलं. मी म्हटलं चालेल.

दवाखान्याला पुढे पडवी होती, पडवीत बाक. आत खुर्ची एकच, ती बाबांनी घेतली. आई दाराशी आली तेव्हा बाबा म्हणाले, "तू भायर बस. आमी आसव." मी भावाचा हात धरून आत गेले, कारण तो माझ्याजवळच उभा राहत असे. आई बाकावर बसली.

आत कंपाउंडर औषधाच्या बाटल्यांवर कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवत होता, एका खाचेला एक डोस. माझ्या भावाने अशी गोष्ट जन्मात पाहिली नव्हती. तो टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभा राहिला आणि वीस मिनिटं तसाच राहिला. डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. ते वाईट नव्हते, त्यांना घाई होती. त्यांनी जीभ बघितली, पापण्या ओढल्या, पोट दाबलं, दोन हिशेब घातले, ते भावाने पट्ट्यांवरची नजर न काढता सोडवले.

"हा तर चांगला शांत आहे की हो! घरी कसा असतो?"

बाबा कोट सारखा करत शुद्ध मराठीत म्हणाले, "घरी काहीच त्रास नाही. माझ्यासमोर हूं की चूं करत नाही."

वर्षाचे पंचवीस दिवस, त्यातले जेवणाचे तास, एवढ्या भांडवलावर ते 'घरी' म्हणाले. दार उघडं होतं. बाहेर आईचा पदर हललेला मला दिसला. तिने हे ऐकलं. ती उठली नाही.

डॉक्टरांना काहीतरी खटकलं असावं. ते माझ्याकडे वळले. "तू मोठी बहीण ना? शाळेत तूच याच्याबरोबर असतेस. तू सांग बघू, याला एका जागी बसता येत नाही, हे खरं?"

त्या दवाखान्यात विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न. आणि तो योग्य माणसाला विचारला होता. उत्तर माझ्या तोंडात होतं, आईने चार वेळा म्हणून दाखवलेलं होतं. मला बाबांची भीती वाटली असं म्हणायला सोपं आहे. बाबा माझ्यावर कधी हात उगारत नसत. मला जे वाटलं ते हे, की मी खरं बोलले तर हा माणूस कागदावर 'खुळा' लिहील, शिक्क्यासकट, आणि मग मी कायमची खुळ्याची बहीण. आणि दुसरं असंही वाटलं की काही झालेलं नाही असं लिहिलं तर त्याचं नाव राहील. ही दोन्ही खरी कारणं आहेत. पहिलं आधी आलं.

"येतं की बसता," मी म्हटलं. "मनात असलं की बसतो."

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी देवळात ऐकलं होतं आणि मला ते हुशारीचं वाटलं होतं.

डॉक्टरांनी लिहिलं, प्रकृती उत्तम, बुद्धी उत्तम, कोणताही विकार नाही, शिस्तीची आवश्यकता आहे. वर जंतांचं औषध दिलं, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. परतताना एस.टी.त आई बाबांना एवढंच म्हणाली, "माका जरा इचारूक होया होता."

"तुका काय कळता? डॉक्टर शिकलेलो आसा," बाबा म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

नातवाच्या वेळी मी मुद्दाम सोबत गेले होते. या गावठी गोष्टीनंतर आता शहरातला तमाशा बघू, अशा बेताने. डॉक्टरीणबाईंनी आधी मुलाच्या आईला खुर्ची दिली. कधीपासून असा आहे? चालायला लागल्यापासून का? शाळेतच, की घरीही, की लग्नाबिग्नाला गेलात तरी? सहा महिने झाले का, त्याहून जास्त? ऐकायला नीट येतं? डोळे तपासलेत? झोप कशी? घरात काही भांडणतंटा, कोणी गेलंय का, मूल कशाने घाबरलंय का? एक लांबलचक प्रश्नपत्रिका आईबापांना, तसलीच दुसरी शाळेतल्या बाईंना. एवढ्यावर काही सांगणार नाही, म्हणाल्या, पुन्हा या. रक्त तपासून हे कळत नाही, रोज बघणाऱ्या माणसांना विचारूनच कळतं. मी म्हटलं, तुमच्याकडे तर किती छान बसला होता! तशी त्या म्हणाल्या, "आजी, त्याला मी फार किंमत देत नाही. नवीन जागा, नवीन वस्तू असली की ही मुलं बसतात."

मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले. आईच्या बोटांवरची सगळी वाक्यं या बाईने एकेक करून विचारून घेतली होती. आई जाऊन तोवर वीस वर्षं झाली होती.

त्या साली जूनमध्ये मास्तरांनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. आणि मग मला कळलं की आजवर त्यांनी भावाला बरंच सोडलं होतं. खुळा म्हणत होते, पण खुळा म्हणून हात आखडतही होते. आता डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलं होतं, काही झालेलं नाही. म्हणजे बसता येतं. म्हणजे बसत नाही तो मुद्दाम. "तुझ्या बहिणीनेच सांगितलंय म्हणे डॉक्टरांना, मनात असलं की बसतो." हे बाबांनीच कौतुकाने त्यांना सांगितलं होतं, चिठ्ठी द्यायला गेले तेव्हा. आमची मुलगी कशी धीट, डॉक्टरशी शुद्ध बोलली.

मास्तरांनी शिस्तीची युक्ती काढली. भावाला खुर्चीसमोर मांडी घालून बसवायचं, मांडीवर पाटी, पाटीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला. पाणी सांडलं की एक छडी. पेला पुन्हा भरायचा. पावसाचे दिवस, बाहेर पाणी धो धो कोसळतंय आणि आत एक पदवी नसलेला पंडित थेंबांवर नजर ठेवून बसलाय. त्याच खोलीत मागच्या रांगेत मी सातवीत बसत होते. मी हलत नसे. माझ्या नावाला हुशार म्हणून खूण होती. घरी त्याचे तळहात बघून आई मला म्हणाली, "डॉक्टरान तुका इचारल्यान तेवा तू काय सांगलंस?" मी सांगितलं. ती रागावली नाही. तिने खोबरेल कोमट केलं आणि त्याच्या हाताला लावत बसली.

त्या सालच्या गणपतीनंतर तो शाळेत गेला नाही. मास्तरांनी काढला नाही, तो स्वतःच थांबला. पुढे देवबागेत मासेमारीवर होता, ट्रकवर होता, साठ साली मुंबईत एका कारखान्यात लागला आणि तिथून दोनदा निघाला. कोणत्याही वर्गात, कोणत्याही परीक्षेला तो पुन्हा बसला नाही. त्याच्याशी माझं कधी भांडण झालं नाही. गावाला आणि मास्तरांना आणि त्या मानकऱ्याला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घालत आले, त्यात मला बरंही वाटत आलं.

त्या गणपतीच्या आधी एका दुपारी मी पाण्याला गेले. पाऊस उघडला होता. भाऊ विहिरीच्या काठावर मांडी घालून बसला होता. बादली रिकामी बाजूला पडलेली, पाढे नाहीत, काही नाही. मांडीवर लाकडाची फळी आणि तिच्यावर घरातला पेला, भरलेला.

"काय करतंस रे?"

"बसाक शिकतंय." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, एवढा जोर लावून तो बसला होता. "डॉक्टर म्हणता माका काय जावक नाय, काय झालाच नाय. तू पण सांगलंस. तू खोटा सांगूचंस नाय. मगे माका बसाक येऊक होया ना?"

मी कळशी खाली ठेवली.

"काय जावक नाय तर मी असो कित्याक?" आणि मग, मला विचारत नव्हता, स्वतःशीच उत्तर सापडल्यासारखं म्हणाला, "मी वायटच आसंय."

तेवढ्यात त्याचा गुडघा हलला आणि पाणी सांडलं. त्याने पेला नीट खाली ठेवला, शेजारची माडाच्या झावळीतली हिराची काडी उचलली, डावा हात पुढे केला आणि एक मारली. मग पावसाने काठापर्यंत भरलेल्या विहिरीत वाकून पेला पुन्हा भरून घेतला.

मी खोटं सांगितलं होतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी कळशी भरली, कमरेवर घेतली आणि घरी गेले.